तपासणीला या, पण पट्टा फिरत असताना या

प्रति,
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. प्रधान सचिव, कामगार विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: लहान कारखान्यांतील सुरक्षा तपासणी आणि दंडाची पद्धत

महोदय,

लातूरच्या एमआयडीसीत माझी दाळमिल आहे. बाजार समितीच्या सौद्यात तूर आणि हरभरा घ्यायचा, त्याची दाळ करायची, हा आमचा धंदा. हंगामात माझ्याकडे पंधरा-सोळा माणसं असतात, हंगाम सरला की सात-आठ. त्यांत हमाल आहेत, मिस्त्री आहे, निवडायला आणि चाळणीवर बसणाऱ्या बाया आहेत. हे पत्र मी कोणत्याही संघटनेच्या वतीने लिहीत नाही.

मागणी आधीच सांगतो. आमच्यासारख्या लहान गिरण्यांची तपासणी वाढवा. ती मशिनी चालू असताना करा. दोष पहिल्यांदा सापडला तर तो नेमका काय, कसा दुरुस्त करायचा आणि कधीपर्यंत, हे लेखी द्या. जिथे माणसाचा जीव किंवा हातपाय जाऊ शकतो तिथे मुदतही देऊ नका, ते मशीन त्याच क्षणी बंद करा. दंड त्यानंतर, आणि तोही गिरणीचा आकार व धोक्याचं गांभीर्य पाहून.

हे वाचून माझ्या ओळखीचे काही गिरणीमालक नाराज होतील. आमच्या बैठकांत ‘इन्स्पेक्टर राज संपलं पाहिजे’ या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. त्यामागचा राग मला कळतो आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण तपासणीच नको, हे मला अजिबात पटत नाही. मालक म्हणून मी रोज त्याच गिरणीत वावरतो. रोज पाहून पाहून धोका दिसेनासा होतो, हे आपण सगळे जाणतो. बाहेरचा जाणकार माणूस आत आला तर पहिल्या फेरीतच तो बोट ठेवतो. ते बोट आम्हाला हवं आहे.

दाळमिल बाहेरून साधी दिसते. जालन्यासारखी पोलादाची भट्टी इथे नाही, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारखे पॉवर प्रेस नाहीत. आत येऊन पाहा. मोटरवरून शाफ्ट फिरतो, शाफ्टवर पुल्या, पुल्यांवर पट्टे, आणि त्यांच्या जोरावर रोल, चाळण्या आणि माल वर चढवणारा एलिव्हेटर. माल अडकला किंवा पट्टा घसरला की माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. घसरू नये म्हणून चालत्या पट्ट्याला राळ लावायची सवय अजून गेलेली नाही. बायांचा पदर असतो, हमालांच्या गळ्यात गमछा असतो. चालू यंत्राची देखभाल फक्त प्रशिक्षित माणसाने, तीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावी, असं कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ मध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे पट्ट्यात कपडा अडकून माणूस ओढला जातो, हे कायदा करणाऱ्यांना पंचाहत्तरहून जास्त वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

मग लाईट. आमच्याकडे लाईट जाणं ही नेहमीची गोष्ट. गिरणी थांबते आणि कुणीतरी अडकलेला माल काढायला वर चढतो किंवा एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरतो. मोटर सुरू करणाऱ्या चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते, आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पण कुठे कॉइल बिघडल्यावर स्टार्टर दाबून बांधून ठेवलेला असतो, कुठे थेट मेन स्विचवरच जोडणी असते. अशा ठिकाणी लाईट येते तेव्हा खड्ड्यातल्या माणसाला सावध व्हायला क्षणही मिळत नाही. हा दोष कागदावर कुठेच दिसणार नाही. तो बघायला स्टार्टरची पेटी उघडावी लागते.

भुशाची आणि पिठूळ धुळीचीही तीच गोष्ट. हवेत ती दाट असताना ठिणगी पडली तर भडका उडतो. आणि गोदामात किडीसाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन सोडतात. फॉस्फीन जीवघेणा विषारी वायू आहे. गोदामाला लागून असलेल्या खोलीत राखणदाराचं कुटुंब झोपत असेल, तर त्या भिंतीला भेगा आहेत की नाहीत हे कोण तपासणार? आमच्या भागात राखणदाराची खोली बहुतेक वेळा गोदामाला लागूनच असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका गिरणीत मिस्त्रीचा हात पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेला. कोपरापासून काढावा लागला. त्या पुलीवर जाळी नाही, हे तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहत होता. आडते पाहत होते, ट्रकवाले पाहत होते. पण ‘हे मशीन आजपासून बंद’ म्हणायचा अधिकार त्यांपैकी कुणालाच नव्हता. आणि ज्याला असा अधिकार असतो तो तिथे येणारही नव्हता, कारण माणसं कमी असल्यामुळे ती गिरणी कायद्याच्या हिशेबात कारखानाच नव्हती.

इथे कायद्याबद्दल बोलणं भाग आहे. १९४८ चा कायदा झाला तेव्हा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे, विजेशिवाय २० असले की. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२० या नव्या संहितेत त्या संख्या २० आणि ४० आहेत. १० किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला आस्थापना म्हणून संहितेची काही कर्तव्यं लागू होतात, पण कारखान्याइतकं लक्ष तिच्याकडे जात नाही. परिणाम काय होतो, ते आमच्या भागात दिसतं. हजेरीपटावरची नावं आकड्याच्या अलीकडे थांबतात. उरलेली माणसं मुकादमाची, ठेकेदाराची, नाहीतर ‘रोजंदारीवर आलेली’. पट्टा मात्र तोच, आणि त्याला हजेरीपट वाचता येत नाही. उलट मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो. एक हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर तो नेमणं जुन्या कायद्याने सक्तीचंच होतं. लहान गिरणीत तो असणं शक्यच नाही. ज्यांच्याकडे घरचा जाणकार आहे त्यांच्याकडे सरकारी तपासणीही येते, आणि ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांच्याकडे तीही येत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय मालकांपेक्षा कामगारांवर जास्त आहे.

आता दंड. ही नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये सर्वसाधारण उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. त्यात खालची मर्यादा नव्हती. नव्या संहितेत सर्वसाधारण उल्लंघनाला किमान दोन लाख आणि कमाल तीन लाख रुपये आहेत. उल्लंघनाने माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला किमान निम्मा भाग वारसांना भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. या शेवटच्या तरतुदीला माझा मनापासून पाठिंबा आहे. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणात दंडाची किमान रक्कम २५ हजार होती. माणसाच्या जिवाला ती रक्कम लावणं लाजिरवाणं होतं.

माझी हरकत सर्वसाधारण उल्लंघनाच्या किमान दोन लाखांना आहे. चारशे कामगारांच्या कारखान्याला दोन लाख म्हणजे एखाद्या दिवसाचा खर्च. बावीस कामगारांच्या गिरणीला ते म्हणजे मंदीच्या वर्षातली सगळी शिल्लक. बरं, पट्ट्यांना जाळ्या, आपत्कालीन बंद बटणं आणि नीट अर्थिंग यांचा खर्च त्याहून कितीतरी कमी असतो. दंड भरून दमलेला मालक जाळ्या बसवायला पैसे कुठून काढणार? दुसरं असं की किमान रक्कम एवढी मोठी असली की प्रामाणिक अधिकाऱ्यालाही ती लावताना जड जातं. समोर गरीब गिरणी दिसते, दोष तर दिसतोच, पण तो लिहिला की दोन लाख. मग तो तोंडी सांगून निघून जातो आणि नोंद कुठेच राहत नाही. आणि जिथे अधिकारी प्रामाणिक नसेल, तिथे हीच मोठी रक्कम मधल्या माणसाचा भाव वाढवते. आमच्या बैठकांतल्या त्या टाळ्यांमागचा राग हा आहे. नियम धूसर, दंड मोठा, आणि दोन्हींच्या मध्ये ‘मी सांभाळून घेतो’ म्हणणारा कुणीतरी. नियम स्पष्ट आणि दंड धोक्याच्या मापात असेल तर त्या माणसाला कामच उरणार नाही.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. वेतन संहिता, २०१९ मध्ये अशी तरतूद आहेच की खटला भरण्याआधी मालकाला लेखी निर्देश देऊन पूर्तता करण्याची संधी द्यावी, आणि त्याने मुदतीत पूर्तता केली तर खटला भरू नये. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला तर मात्र ही संधी नाही. पगाराच्या हिशेबात ही समज दाखवता येते, तर जाळी, स्टार्टर आणि शिडीच्या कठड्यांच्या बाबतीत का नाही? राज्याची कार्यपद्धती ठरवताना ही वाट ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामगार तपासणीविषयीचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्ये मान्य केला. त्याच्या १७ व्या कलमात खटल्याऐवजी ताकीद आणि सल्ला देण्याचं स्वातंत्र्य निरीक्षकाला दिलेलं आहे, आणि तिसऱ्या कलमात मालक व कामगार यांना तांत्रिक माहिती आणि सल्ला देणं हे तपासणीचंच काम मानलेलं आहे. त्याच करारात पूर्वसूचना न देता आत शिरण्याचा अधिकारही निरीक्षकाला आहे. मला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत. न सांगता या, आणि आल्यावर शिकवा.

सुरक्षेच्या नव्या संहितेत निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ म्हटलं आहे, म्हणजे तपासणाराही आणि वाट सोपी करून देणाराही. पदाचा तो दुसरा अर्धा भाग आमच्या गिरणीपर्यंत पोचावा, एवढंच म्हणणं आहे.

यादृच्छिक निवडीने, संगणकावरून तपासणी ठरवण्याची व्यवस्थाही संहितेत आहे. कुणाकडे जायचं हे अधिकाऱ्याने स्वतः ठरवू नये, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण संगणकाला हंगाम कळत नाही. तुरीची आवक जानेवारीपासून वाढते आणि त्यानंतर काही महिने गिरण्या दिवसरात्र चालतात. धोका तेव्हा असतो. नवी माणसं तेव्हा येतात, रात्रपाळी तेव्हा लागते, दमलेला माणूस चालत्या पट्ट्याला हात तेव्हा लावतो. ऑगस्टमध्ये थांबलेल्या गिरणीत येऊन नोंदवह्या तपासल्या तर नोंदवह्याच दिसणार. परभणी, मानवत, सेलूच्या जिनिंगला कापसाचा हंगाम आहे, वसमत-हिंगोलीच्या हळदीला तिचा, साखर कारखान्यांना गाळपाचा. जिल्ह्यानुसार आणि पिकानुसार तपासणीचे महिने ठरवणं अवघड नाही.

आल्यावर कामगारांशी बोला, आणि आम्हा मालकांना बाहेर पाठवून बोला. माझ्यासमोर माझा हमाल खरं सांगणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. निवडणाऱ्या बायांना आवर्जून विचारा. पिण्याचं पाणी, संडास, बसायची जागा यांच्याबद्दल त्या सांगतील, पण पट्ट्याबद्दलही त्याच सांगतील, कारण पदर सांभाळत त्याच्या शेजारून दिवसभर ये-जा त्यांनाच करावी लागते. शक्य असेल तर अहवालाचं एक पान सोप्या मराठीत गिरणीच्या दारावर लावायला सांगा. इथे अमुक दोष सापडला, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करायचा आहे. कामगारांनी ते वाचलं की मालकावर पडणारं दडपण दंडापेक्षा जास्त काम करतं.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतलं, त्याकडे येतो.

जानेवारी २०१७ मध्ये लातूरच्या एमआयडीसीत एका तेल कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ जण मेले. आधी उतरलेले बेशुद्ध पडले, त्यांना काढायला दुसरे उतरले, तेही गेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात शौचालयाची टाकी साफ करताना पाच जण गेले. दोन्ही ठिकाणी मरणारे हातावर पोट असलेले लोक होते. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यात पोलादाच्या कारखान्यात भट्टीतला स्फोट झाला आणि अनेक जण भाजले. अशा वेळी मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी बसते. आमच्या मराठवाड्याला दुष्काळाची मदत मागायची सवय आहे, पण ही मदत मागावीच लागू नये, अशी माझी तळमळ आहे.

टाकीतलं मरण टाळता येण्यासारखं आहे, म्हणून ते जास्त खुपतं. टाकीत साचलेला गाळ ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला म्हणजे हवा मोकळी झाली. दुसरीकडे साध्या बंद टाकीतही प्राणवायू कमी झालेला असतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली आला की धोका सुरू होतो, आणि डोळ्यांना किंवा नाकाला हे कळत नाही. ते कळायला गॅस मापक लागतो. प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू हे चारही मोजणारं हातात मावणारं यंत्र मिळतं. त्यासोबत टाकीच्या तोंडावर उभा करायचा तीन पायांचा ट्रायपॉड, दोर, अंगाला बांधायचा हार्नेस आणि हवा आत ढकलणारा पंखा. वर उभ्या असलेल्या माणसाने खाली न उतरता बेशुद्ध माणसाला ओढून काढता आलं पाहिजे. एवढं जमलं तर दुसरा, तिसरा, चौथा मरत नाही.

हे साहित्य प्रत्येक लहान कारखान्याने विकत घ्यावं अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. टाकी वर्षातून एकदा-दोनदा साफ होते. मापकाचे सेन्सर ठरावीक काळाने बदलावे लागतात, ते बरोबर मोजतं का, हे वेळोवेळी तपासून घ्यावं लागतं. लहान मालक ते घेईल, कपाटात ठेवेल, आणि दोन वर्षांनी बंद पडलेलं मापक बघून माणसाला खाली पाठवेल. म्हणून माझी विनंती अशी की लातूर, नांदेड, जालना, परभणी, धाराशिव, बीड, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या एमआयडीसीच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात असा एक-एक संच ठेवा. त्याच्यासोबत तो वापरायला शिकलेला माणूस द्या. टाकी साफ करायची असेल तर आम्ही आदल्या दिवशी कळवू, ठरवाल ते भाडं भरू, आणि तुमचा माणूस हवा तपासून लेखी परवाना देईल तेव्हाच कुणी उतरेल. शक्य तिथे उतरायचंच नाही, वरून पंपाने उपसायचं. परवान्याशिवाय माणूस टाकीत उतरवला असं आढळलं, तर तिथे मात्र कसलीही सवलत नको. पहिली वेळ आणि दुसरी वेळ असा भेदही नको. तिथे दोन लाखांचा दंड कमीच आहे.

माझ्या सहकाऱ्यांना, म्हणजे गिरणीमालकांनाही दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. दंड जास्त आहे असं आपण म्हणतो ते बरोबर आहे. पण आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःहून जाणकार बोलावून पट्टे, स्टार्टर, वायरिंग दाखवून घेतलं? कामगार विम्याची नोंदणी दहा कामगारांवर लागू होते, ती टाळण्यासाठी नवव्या नावावर पट थांबवणारे आपल्यात आहेत. हात गेलेल्या माणसाला तेव्हा ना विमा मिळतो ना पेन्शन, मिळतात ती मालकाने दयेने दिलेली चार-दोन हजारांची पाकिटं. दंड कमी करा ही मागणी घेऊन मंत्रालयात जायचं असेल तर आधी पट पूर्ण लिहून जाऊ या, नाहीतर आपलं कुणी ऐकू नये.

महोदय, पावसाळ्याच्या आधी आमच्याकडे टाक्या, गटारं, खड्डे साफ करण्याची घाई सुरू होते. मे महिना त्यासाठी ठरलेलाच असतो. त्याआधी निदान लातूर आणि जालना या दोन ठिकाणी मापकाचा आणि ट्रायपॉडचा संच ठेवता येईल का, आणि आला तर कोणत्या केंद्रात, याचं उत्तर कळवावं. तपासणीबाबत म्हणाल तर माझी गिरणी हंगामात सकाळी सातपासून चालू असते. पूर्वसूचनेची गरज नाही. आत आल्यावर आधी एलिव्हेटरचा खड्डा आणि स्टार्टरची पेटी पाहा, नोंदवह्या नंतर.

आपला विश्वासू,
एक दाळमिल चालक, लातूर